तीन हजार डझन

वेणूभावजींनी फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनातून ऑर्डर आणली,
बिअरच्या काउंटरवर अंथरायचे टॉवेल,
तीन हजार डझन.
तिकडच्या ग्लासांचा घाम टिपायला
साखर पेठेतलं सूत.

"मग पार्टीही बिअरचीच," भावजी म्हणाले.
अत्तम्मांनी चष्म्यावरून फक्त बघितलं.
या घरात शिंदी आली होती, देशीसुद्धा,
पण मागच्या दारानं.
गच्चीवर, सोयरे बोलावून, दिवे लावून
कधीच नाही.

मे महिना. पत्रे तडतडत होते, वीज गेलेली.
दोन क्रेट हौदात बुडवले, वरून ओली चादर टाकली,
आमच्याच मागावरची, सेकंड माल,
जिच्यावरच्या मोराला एक पाय कमी.

अत्तम्मा सकाळी सहालाच चुलीपुढे.
"पिणाऱ्याच्या पोटात आधी ज्वारी गेली पाहिजे,
नाहीतर दारू डोक्यात माग चालवते."
भाकऱ्या कडक व्हायला सुपात उभ्या केल्या.
मी उखळात शेंगा कुटत होते,
तेल सुटेपर्यंत, खांदा बोलेपर्यंत.
मटण काळ्या तिखटात रटरटत होतं, शेजारी बोटीचं भगुणं,
आणि मल्लिनाथअण्णांसाठी वेगळ्या चुलीवर
पुंडीची भाजी, लसणाच्या फोडणीची,
कारण अण्णा बिअर घेतात, पण मटणाचा वास चालत नाही.
सर्वपिंडी त्या पातेल्याच्या आतूनच थापतात,
बोटांनी भोकं पाडतात, भोकांत तेल सोडतात.
मी बार्शीची. सतरा वर्षं झाली,
माझी अजून तळाला चिकटते.

"कशाची करतात हो ही?" त्यांनी मधेच विचारलं.
मी लेबल वाचलं. बार्ली. म्हणजे सातूच की.
भिजवतात, मोड आणतात, आंबवतात.
"मग त्यात जर्मनीचं काय?"
म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

रात्री गच्ची भरली.
अंबादास जॉबरनं पहिली बाटली अशी उघडली
की फेस थेट खिम्यात.
"आता याला चव आली," कुणीतरी म्हणालं, आणि खरंच आली होती.
कडक भाकरी मोडल्याचा आवाज
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.
चटणी दोनदा संपली, दोनदा कुटली.
भावजींनी नमुन्याचा टॉवेल मधोमध अंथरला होता,
पण त्यावर ग्लास ठेवू देईनात.
"डाग पडेल. साहेबांना दाखवायचाय."
सगळे आपापला ग्लास हातात धरून जेवले,
एका हातानं.

बायकांची पंगत साडेअकराला.
रस्सा तळाशी गेलेला, म्हणजे खरा.
अत्तम्मांनी एक रिकामी बाटली उचलली,
तिच्या खांद्यावरून अंगठा फिरवला,
आणि खाली स्वयंपाकघरात गेल्या.
येताना करडीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या,
तपकिरी, बोटांनी बुळबुळीत, बुचाला चिंधी बांधलेली.
दोन्ही शेजारी शेजारी धरल्या.
तोच खांदा. तीच मान.

"ब्याऐंशी साल. पहिला माग घरात आला त्या रात्री.
दोघांत एक आणली होती त्यांनी, शर्टात लपवून.
दार लावून अर्धा पेला मला दिला.
कडू लागली बाई.
वरून चटणी खाल्ली, मग बरी लागली."

सतरा वर्षं मी याच बाटलीतून
फोडणीला तेल ओतत होते.
भावजी काही बोलले नाहीत.
हौदाकडे कुणीतरी शेवटची बाटली चाचपत होतं.

अत्तम्मांनी तेलाची बाटली
नमुन्याच्या टॉवेलवर ठेवली, अगदी मधोमध,
आणि भाकरीचा पापुद्रा सोलायला घेतला.
पांढऱ्या सुतावर गोल उमटत गेला, पिवळसर,
हळूहळू.
कुणी उचलली नाही.